पावती कोणाच्या नावावर

संध्याकाळचे सात वाजलेत आणि तुम्ही तळेऱ्याच्या नाक्यावर उभे आहात. एका अंगाला वैभववाडीचा रस्ता, पुढे करूळचा घाट, गगनबावडा आणि कोल्हापूर. दुसऱ्या अंगाला विजयदुर्ग. मधून मुंबई-गोवा महामार्ग. सावंतवाडी-मालवणकडून सुटलेल्या मुंबईच्या खाजगी गाड्या एकामागोमाग येऊन थांबतायत, क्लीनर 'बोरिवली, बोरिवली' असं ओरडतोय, पोचवायला आलेली माणसं खिडकीशी उभी राहून शेवटच्या सूचना देतायत. तुमच्या पिशवीत उकडे तांदूळ आहेत, आमसुलं आहेत, कुळथाची पिठी आहे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून वर प्लास्टिक बांधलेले सुके बांगडे आहेत. मोबाइलमध्ये एक करारनामा आहे. लालबागमधला वन बीएचके, मुदत अकरा महिने.

गाडी सुटल्यावर तुम्ही तो वाचायला घेता. खारेपाटण येईपर्यंत पहिलं पान होतं, राजापूर मागे पडेपर्यंत बाकीची. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. डिपॉझिट बिनव्याजी. पोटभाडेकरू ठेवायचा नाही. पाहुणा आठवड्याहून जास्त राहणार असेल तर आधी कळवायचं. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मुदत संपली की जागा रिकामी करायची, नाही केली तर दुप्पट रक्कम. एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं, ती करारात लिहिलेली नाही, पण द्यायची आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची आहे, सोसायटीचं ना-हरकत पत्र घ्यायचं आहे. हे सगळं तुमच्या भल्यासाठीही आहे. तरी एवढी पानं वाचल्यावर आपण घरात राहायला चाललोय की तपासणीला, असं वाटून जातं.

सकाळी लालबाग. मसाला गल्लीत डंक सुरू झालेत, भाजलेल्या मिरचीचा ठसका रस्त्यापर्यंत येतोय. इमारत बारा मजल्यांची आहे आणि ती उभी आहे तिथे पूर्वी तीन मजली चाळ होती. तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर: हॉल, आत बेडरूम, किचनचा काळा ओटा, दोन खिडक्या. घरमालक गिरणी कामगाराचा मुलगा. चाळ पाडून पुनर्विकास झाला त्यात त्याला ही जागा मिळाली, स्वतः तो आता बदलापूरला राहतो आणि हिच्या भाड्यावर तिकडचा हप्ता फेडतो.

नोंदणीवाला लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो. आधार क्रमांक, फोटो, अंगठा. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात बिनव्याजी डिपॉझिटवरचं मानीव व्याजही धरतात. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. हे काम घरमालकाने करून द्यायचं असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, ती जबाबदारी मालकाची. त्याने टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झालाच तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं पाडायचं ओझं मालकावर. नोंदणीसाठी आग्रह धरा, तो तुमचा हक्क आहे.

अकरा महिनेच का, हे तुम्ही नोंदणीवाल्याला विचारता. तो म्हणतो, 'असंच असतं.' पूर्ण उत्तर असं की १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ते टाळायला लोक अकरावर थांबू लागले. महाराष्ट्रात आता एका महिन्याचाही करार नोंदवावा लागतो, तरी अकराचा आकडा चिकटून राहिला. मुलाला शाळेत घालून पहिली चाचणी होते न होते तोच एजंटचा फोन येतो: 'रिन्यू करायचंय की दुसरं बघू?' भाडं वाढतं किंवा सामान हलतं. एखाद्या वस्तीत रुजायला, समोरच्या दाराशी मीठ-साखर मागण्याइतकी ओळख व्हायला अकरा महिने पुरत नाहीत, आणि मला ही या व्यवस्थेची सगळ्यात मोठी उणीव वाटते.

हे असं का झालं ते समजून घ्यायचं तर याच तिसऱ्या मजल्यावर उभं राहून मागे चालायला हवं. अंगठा यंत्रावरून उचला.

३१ मार्च २०००. बारा मजले नाहीत. तुम्ही लाकडी गॅलरीत उभे आहात आणि गॅलरीला खालून म्हाडाचे टेकू लावलेत. पायाखालची फळी दबते, म्हणून चाळकरी भिंतीच्या कडेने चालतात, तुम्हीही तसेच चालता. नवा भाडे कायदा आजपासून लागू झाला. घरोघरी तुकड्यातुकड्याने त्याची चर्चा चाललीय: पागडी आता गुन्हा राहिलेली नाही, जुन्या भाड्यात दर वर्षी चार टक्के वाढ होणार, आणि नव्याने जागा द्यायची तर लिव्ह अँड लायसन्सवर देता येणार, मुदत संपली की मालकाला ती परत मिळणार. तुमच्या मोबाइलमधली पानं याच कायद्याखालची आहेत. जुना भाडेकरू जिथे होता तिथे राहिला, नव्याला वेगळं दार मिळालं. ते दार उघडलं हे बरंच झालं, कारण त्याआधी बंद फ्लॅट कुलपात पडून असायचे आणि लोक पायरीवर. दोन वर्षांपूर्वी, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तळेऱ्याचा माणूस आता वैभववाडी रोडला गाडीत चढतो.

आणखी मागे. या खेपेला मात्र चाळीत थांबू नका, तळेऱ्याला या.

१९८२ चा मे महिना, पहाट. नाक्यावर मुंबईची एसटी येऊन थांबते आणि टपावरून ट्रंका खाली येऊ लागतात. एक, दोन, पाच. सुटीला येणारा चाकरमानी कापडी पिशवी आणि पोरांसाठी खाऊचा पुडा घेऊन येतो. ट्रंक घेऊन आलेला माणूस लवकर परत जाणार नसतो, हे नाक्यावरच्या सगळ्यांना कळतं आणि कुणी काही विचारत नाही. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. चार महिने झाले, भोंगा वाजलेला नाही. ट्रंक उतरवून घेणारा माणूस पावसाकडे बघतोय, कारण आता नांगरणीला घरात एक जोड हात वाढलेत आणि मनिऑर्डर थांबलीय. गेल्या वर्षी, १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. आपल्या पत्त्यात सवयीने 'जि. रत्नागिरी' लिहायचं, मग ते खोडून वर 'सिंधुदुर्ग' लिहायचं, अशी पत्रं अजून गावाहून मुंबईला जातात. त्यांत एकच मजकूर असतो: खोली सोडू नका.

लालबागच्या चाळीत तळेऱ्याच्या माणसांची जी खोली आहे, तिच्यात तेव्हा दोघंच उरलेत. बाकीचे गावी, कुणी भाजीच्या गाडीवर, कुणी वॉचमन. हे दोघे भाडं भरतात आणि पावती ट्रंकेत जपून ठेवतात. भरू शकतात, कारण ते भाडं १९४० सालच्या पातळीवर गोठलेलं आहे. मुंबईच्या भाडे कायद्याला पुष्कळांनी बोल लावले: मालकाला परवडेना म्हणून डागडुजी थांबली, इमारती खचल्या, १९६९ चा दुरुस्ती मंडळाचा कायदा आणावा लागला, सुमारे साडेएकोणीस हजार इमारती उपकराच्या यादीत गेल्या. खरं आहे ते. पण पगार बंद असताना ज्या घरांना मुंबईत छप्पर राहिलं, ते याच गोठलेल्या भाड्यामुळे राहिलं. बाजारभावाने भाडं असतं तर दोन महिन्यांत सगळी गिरणगावची बिऱ्हाडं रस्त्यावर आली असती. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. खोल्या मात्र टिकल्या, आणि ज्यांच्याकडे पावत्या होत्या त्यांच्याच मुलांना पुढे पुनर्विकासात नवे फ्लॅट मिळाले. तुमचा घरमालक त्यांतलाच.

१९७३ वर फार थांबायचं नाही, पण एक तारीख बघून घ्या: १ फेब्रुवारी. त्या दिवशी जो लायसन्सवर जागेत राहत होता त्याला भाडेकरूचं संरक्षण मिळालं. दादरला कुणीतरी पुतण्याच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली, मधल्या काळात ओळखीने दिलेली जागा कायमची गेली. बातमी शहरभर झाली आणि मालकांनी धडा घेतला: कुणालाही आत घ्यायचं नाही. कायद्याने आत असलेल्याला पक्कं केलं आणि बाहेर असलेल्याच्या तोंडावर दार लावलं. १९९९ च्या कायद्यातली लायसन्सची कलमं, तुमचे अकरा महिने, ते दुप्पट रकमेचं कलम, या सगळ्यामागे ही भीती आहे.

आता लांबची उडी. १९५४. दिवाळी झालीय, भात कापून झोडून झालंय. गाडीवाट धरून तुम्ही विजयदुर्ग गाठलंत. आगबोट किनाऱ्याला लागत नाही, ती खोल पाण्यात उभी राहते आणि पडावातून तिच्यापर्यंत जायचं. पडाव हेलकावे खातो, बोटीवरचे हात तुमचं गाठोडं आधी ओढून घेतात आणि मग तुम्हाला. डेकवर चटई पसरायला जागा मिळाली तर नशीब. रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै. दर बंदराला आणखी माणसं, आणखी गाठोडी. पावसाळ्यात बोटी बंद असतात, म्हणून पावसानंतरच्या या फेऱ्यांना अशी झुंबड. सकाळी भाऊचा धक्का. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, त्यांनी बांधला म्हणून भाऊचा. तुमच्या खिशात एक चिठ्ठी आहे, तिच्यावर चाळीचं नाव, मजला आणि खोली नंबर. करारनामा नाही, डिपॉझिट नाही. परळकडे जाणाऱ्या ट्रामवाल्याला चिठ्ठी दाखवता, तो लालबागला उतरवतो.

तिसरा मजला. दार उघडंच आहे. आत दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, वर माळा. माळ्यावर ट्रंका एकीवर एक छताला भिडलेल्या, प्रत्येकीवर रंगाने नाव. भिंतीला खिळ्यांची ओळ, दर खिळ्याला एकाचे कपडे. चटईवर बसलेले वयस्क गृहस्थ वही बघतायत. ते खोलीचे कारभारी.

'खयसून इलस?'

'तळेऱ्यासून.'

'कोणाचो तू?'

तुम्ही बापाचं नाव सांगता, वाडी सांगता. ते चष्मा काढतात.

'मगे दारात कित्याक उभो? भुतूर ये.'

मुलाखत संपली. आधार नाही, फोटो नाही, अंगठा नाही. 'तळेऱ्यासून' हे एक उत्तर आणि बापाचं नाव, एवढ्यावर तुम्हाला मुंबईत जागा मिळाली. किती जागा, ते कारभारी लगेच सांगतात: एक खिळा, माळ्यावर एका ट्रंकेपुरती जागा, आणि रात्री गॅलरीत वळकटी पसरण्यापुरती लांबी. 'पयलो पगार होयसर तुझ्याकडसून एक पैसो घेवचो नाय. जेवाण खालच्या काकीकडे. तिका मी सांगतंय.'

या खोलीत किती जण राहतात हे तुम्ही मोजायला बघता आणि जमत नाही, कारण सगळे एका वेळी कधी आत नसतात. पहिली पाळी सकाळी बाहेर पडते तेव्हा रातपाळीवाले येऊन त्याच चटईवर आडवे होतात. दुपारी दुसरी पाळी निघते. चटई थंड होत नाही. अशा गावाच्या खोल्या लालबाग, परळ, डिलाइल रोड, काळाचौकी इथे शेकड्यांनी आहेत आणि दारातून आत बघितलं की माणूस खोली कुठल्या गावची ते बोलण्यावरून ओळखतो. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली सव्वादोन लाखांहून जास्त माणसं होती, म्हणजे शहरातला जवळजवळ दर पाचवा माणूस, आणि तळेरे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. १९३१ मध्ये मुंबईची तीन-चतुर्थांश वस्ती एकखणी बिऱ्हाडात राहत होती. तुमच्या मोबाइलमधल्या वन बीएचकेची ही आजी आहे: बेडरूम नाही, हॉल नाही, किचन म्हणजे मोरीशेजारचा स्टोव्ह.

सकाळी नळाला रांग, संडासाला रांग, हातात टमरेल. रात्री ढेकूण. भांडणंही होतात, टॉवेल कुणी वापरला, दारू पिऊन कोण आला, कुणाची वर्गणी तीन महिने थकलीय. पिऊन आलेल्याला कारभारी त्या रात्री खाली पाठवतात, सकाळी मात्र चहा त्यालाही मिळतो. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी इथेच गोळा होते, शाळेला बाकडी घ्यायची की नाही यावर इथेच वाद होतात, आणि शनिवारी पखवाज निघाला की खालच्या मजल्यावरचे देशावरचे भाऊही येऊन बसतात. दामोदर हॉलात कोकणातल्या मंडळींचं नाटक असलं तर सगळी खोली रिकामी.

खालच्या काकी पंधरा-वीस जणांचं जेवण करतात. नवरा साचेखात्यात होता, छातीच्या दुखण्याने घरी बसला, मग काकींनी चूल वाढवली. सकाळी पाचला भाकऱ्या, दुपारचे डबे, रात्रीची पंगत आठ-आठांच्या फेरीने. हिशेब महिन्याचा, पगार उशिरा झाला तर हिशेबही उशिरा, मध्ये किराणावाला काकींच्याच दारात उभा. खोलीला कारभारी आहे, मंडळ आहे, वही आहे. काकींना यांतलं काही नाही, आणि गिरणगावचा अर्धा भार त्यांच्या मनगटावर आहे. त्यांच्यासारख्यांना संघटित करून कर्ज मिळवून देणारं अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमा पुरवांनी उभं केलं ते १९७५ साली, म्हणजे अजून एकवीस वर्षांनी.

महिन्याच्या सुरुवातीला घरमालकाचे मेहताजी येतात. कारभारी पैसे मोजून देतात आणि पावती घेतात. तुम्ही डोकावून बघता. पावतीवर कारभाऱ्यांचं नाव नाही. ज्यांचं आहे ते गृहस्थ दुसऱ्या महायुद्धाच्या आधी या खोलीत आले होते आणि आता गावी अंथरुणाला खिळून आहेत. मेहताजींना हे माहीत आहे, खोलीत किती माणसं निजतात तेही माहीत आहे. पोटभाडेकरू ठेवायला कायदा परवानगी देत नाही, म्हणून कागदावर एकच माणूस राहतो. दर दिवाळीला मेहताजींच्या घरी तांदूळ आणि आंब्याच्या दिवसात पेटी जाते ती एवढ्यासाठी. ही या व्यवस्थेची कमकुवत जागा आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही: सगळी खोली दूर गावातल्या एका म्हाताऱ्याच्या नावावर आणि त्याच्या मुलांच्या नियतीवर उभी आहे. पुढे अशा कित्येक खोल्यांवरून भाऊबंद कोर्टात गेले.

खोलीत तिशीचा एक जण आहे, साचेवाला, लग्न होऊन चार वर्षं झालेली. त्याला बायकोला आणायचंय. रविवारी तो तुम्हाला सोबत घेऊन जागा बघायला निघतो. चिंचपोकळी, करी रोड, शिवडी. खोल्या रिकाम्या आहेत, पण कागदावर. एके ठिकाणी मालकाचा माणूस भाडं सांगतो, ते इतकं कमी की तुम्ही दोघे एकमेकांकडे बघता. मग तो आवाज खाली आणून पागडी सांगतो. ती साचेवाल्याच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी, आणि तिची पावती मिळणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण ठरवलं, त्याहून जास्त घेणं गुन्हा, पागडी घेणंही गुन्हा. लढाईने दर भडकले असताना गरिबाला वाचवायला केलेला हा कायदा, आणि ज्याच्याकडे जागा होती त्याला त्याने खरंच वाचवलं. जो आज जागा शोधतोय त्याला मात्र समोरच्या दारातून आत जाता येत नाही आणि मागच्या दाराचे पैसे नाहीत. साचेवाला परतताना काही बोलत नाही. घरी पत्रात लिहितो की या वर्षी जमेलसं दिसत नाही.

रात्री एक म्हातारे सोबती त्याची समजूत काढतात. ते १९२० च्या दशकात इथे आले. त्या वेळी सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) काढलं, शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे रुपया पट्टी बसवली आणि वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोडला सिमेंटच्या चाळी बांधल्या, २०७ इमारती, १६० चौरस फुटांची खोली. त्या कामगारांनी सुरुवातीला पसंत केल्याच नाहीत. उघड्या माळावर दगडासारख्या कोरड्या इमारती, भाडं जास्त, गिरणी लांब, आणि आपलं माणूस कुणी नाही. कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा तुरुंग केला होता. 'खोली काय, सिमेंटची कोणय बांधतलो,' म्हातारे म्हणतात, 'शेजार खयसून हाडतलो?' बीडीडीच्या त्याच वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या, म्हणजे शेजार जमायला वेळ लागला पण जमला, आणि सरकारी भाडेपावती हातात होती म्हणून टिकला. हे तुम्हाला माहीत आहे, म्हाताऱ्यांना नाही. त्यांना सांगावंसं वाटतं, पण तुम्ही आलाय ऐकायला.

तुम्हाला इथे येऊन महिने होतात. रोज पहाटे गिरणीच्या दारात बदलीसाठी उभं राहून शेवटी काम पक्कं होतं. पहिल्या पगाराच्या दिवशी वर्गणी भरता, काकींचा हिशेब चुकता करता, उरलेल्याची मनिऑर्डर. कारभाऱ्यांना संध्याकाळी अक्षर नीट दिसत नाही म्हणून वही तुमच्याकडे आलीय. बैठक बसलीय. थकबाकी, गणपतीच्या सुट्या, आणि दारात एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, पायांत चपला नाहीत, काखेत गाठोडं, सकाळच्या बोटीने आलेला.

'आता हयसर पाय ठेवक जागा नाय,' भिंतीशी टेकलेला एक जण म्हणतो. खरंच नाही. माळा भरलाय, गॅलरीत शेवटची वळकटी संडासाच्या दाराशी लागते, चाळीतल्या इतर लोकांनी कालच तक्रार केलीय.

'तू इललस तेव्हा होती काय?' कारभारी विचारतात.

तो गप्प बसतो, मग हसतो आणि पाय जवळ घेतो. दुसरा कुणी काकींना एक ताट वाढवायला सांगायला खाली जातो. पण झोपायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. कारभारी खोलीभर नजर फिरवतात, मग तुमच्याकडे बोट करतात.

'ह्येची उद्यापासून रातपाळी लागली हा. ह्येच्या जाग्यार तो निजतलो. सकाळी हो इलो की त्येना उठाचा आणि गिरणीच्या दारात जावन उभ्या ऱ्हवाचा.'

मुलगा मान डोलावतो. तुम्ही वहीचं नवं पान काढता, रेघ मारता, त्याचं नाव विचारून लिहिता, खाली बापाचं नाव, गाव तळेरे. पुढचा रकाना वर्गणीचा. पेन तिथे थांबवून तुम्ही कारभाऱ्यांकडे बघता, ते नुसते हाताने पुढे चल म्हणतात, आणि तुम्ही तुमच्या नावापुढे कुणीतरी लिहिलं होतं तेच लिहिता: काम लागल्यावर.